निम्मा स्टुडिओ सोलापूरकराच्या घरातच!

स्वतः गाणं लिहायचं, स्वतः चाल लावायची, स्वतःच गायचं आणि रात्री लॅपटॉपवर स्वतःच मिक्सिंगला बसायचं. असं करणाऱ्या सोलापूरकराला फोमचे महागडे पॅनेल घ्यायची घाई नको. घरात चादरी आहेत ना!

गायकाचा आवाज भिंतीवर आपटून परत माईकमध्ये शिरतो आणि गाणं रिकाम्या खोलीत घुमल्यासारखं वाटतं. एकदा रेकॉर्ड झालेलं हे घुमणं नंतर धड काढता येत नाही. गाण्यासाठी वापरतात ते बहुतेक माईक समोरचंच जास्त ऐकतात, आणि त्यांच्या समोर असते तुमच्या पाठीमागची भिंत. म्हणून जाड चादर आधी पाठीमागे टांगा. ताणून नको, चुण्या पाडून आणि भिंतीपासून वीतभर पुढे. शेजारच्या यंत्रमागाची खडखड मात्र चादरीला अडत नाही. त्यासाठी माग थांबण्याचीच वाट पाहावी लागते.

लता मंगेशकरांचा पहिला शास्त्रीय गायनाचा कार्यक्रम वडिलांसोबत याच सोलापुरात झाला, ९ सप्टेंबर १९३८ ला. तेव्हा त्यांना नऊ वर्षंही पूर्ण नव्हती. पुढे 'महल' (१९४९) च्या गाण्यात आवाज लांबून जवळ येतोय असं वाटायला हवं होतं. मग माईक खोलीच्या मध्यभागी ठेवला आणि लताबाई कोपऱ्यातून गात गात त्याच्याकडे चालत आल्या. इफेक्टची बटणं शोधण्याआधी हे जरूर करून बघा. 'साधी माणसं' (१९६५) ला तर 'आनंदघन' या नावानं संगीतही त्यांचंच आणि आवाजही.

'प', 'ब', 'भ' म्हणताना तोंडातून सुटलेली हवा थेट माईकवर आदळते आणि 'भप्प' असा धक्का बसतो. भरतकामाच्या रिंगवर जुना नायलॉनचा पायमोजा ताणून मध्ये धरला की काम होतं. माईक ओठांपासून वीतभर लांब असावा. फार जवळ गेलात तर आवाजात खर्ज फुगतो. प्रेमाच्या हळव्या ओळीला ते शोभतं, पोवाड्याला नाही.

आता मिक्सिंग. सूर दुरुस्त करणारं ऑटोट्यून हे सॉफ्टवेअर १९९७ मध्ये आलं. ते बनवणारे अँडी हिल्डेब्रँड त्याआधी ध्वनिलहरींवरून जमिनीखालचं तेल शोधायच्या कामात होते. एकच ओळ दोनदा गाऊन आवाज भरदार करायचा गायक जॉन लेननला कंटाळा होता, म्हणून १९६६ मध्ये लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत तिथले तंत्रज्ञ केन टाउनसेंड यांनी टेपवर आपोआप दुहेरी आवाज काढायची युक्ती शोधली. आज तेच काम एका क्लिकमध्ये होतं, तरी खरोखर दोनदा गायलेल्या ओळीची गोडी मला जास्त वाटते.

आणि स्वतःच लिहून, चाल लावून गाण्याचं उदाहरण हवंय? आपल्याच जिल्ह्यातल्या जेऊरच्या नागराज मंजुळेंचा 'सैराट' (२०१६)! 'याड लागलं'चे शब्द आणि संगीत अजय-अतुल यांचं, आवाज अजय गोगावले यांचा.

तेव्हा पंखा बंद करा, हेडफोन लावा आणि गा. पहिला टेक मात्र कधीच पुसू नका.