इटलीच्या रस्त्यांवरून आर्नोकाठच्या छत्रीपर्यंत

फ्लॉरेन्स (इटली) :

इटलीत फिरायला येणारी आपली बहुतेक मंडळी बसमधून रोम, पिसा, व्हेनिस करतात आणि परततात. आम्ही दोघांनी भाड्याची गाडी घेतली, आणि ते बरं झालं असं आता ठामपणे सांगते. या देशाचं खरं वैभव शहरांच्या मधल्या भागात आहे. कोल्हापूरच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढता येतो; तो वर्षभर चालतो, मूळ लायसन्स मात्र सोबत हवं. गाडी नवऱ्याच्या हातात आणि नकाशा माझ्याकडे, अशी आमची वाटणी. रस्त्याची उजवी बाजू हातवळणी पडायला थोडा वेळ लागतो. गोल चौकात आधी डावीकडे बघायचं, एवढं मनाशी घोकत राहिलं की जमतं.

मिलानहून फ्लॉरेन्सला येणाऱ्या महामार्गाचं नाव ‘सूर्याचा महामार्ग’. मिलान ते नेपल्स हा साडेसातशे किलोमीटरहून लांब रस्ता 1964 साली पुरा झाला आणि उत्तरेच्या कारखान्यांना गरीब दक्षिणेशी जोडून गेला. कमाल वेग ताशी 130, पावसात 110. टोलची पद्धत सरळ आहे: आत शिरताना यंत्रातून तिकीट घ्यायचं आणि बाहेर पडताना जेवढं अंतर कापलं तेवढ्याचेच पैसे भरायचे. शहरात शिरण्यासाठी टोल नको म्हणून वर्षानुवर्षं रस्त्यावर उतरलेल्या कोल्हापूरकराला हा हिशेब पटेल. बोलोन्याच्या पुढे आपेनाइन डोंगर लागतात. तिथे रस्त्याला दोन फाटे आहेत, एक बोगद्यांतून जाणारा नवा आणि दुसरा जुना घाटाचा. घाई नसेल तर जुन्याने जावं.

जुन्या गावांच्या पोटात मात्र गाडी नेता येत नाही. वेशीशी लाल वर्तुळाची पाटी आणि वर कॅमेरा असतो. परवानगी नसलेली गाडी आत गेली की नंबर टिपला जातो आणि दंडाचा कागद काही महिन्यांनी थेट घरी येतो. पहिल्यांदा हे जाचक वाटतं. पण मग त्या दगडी गल्ल्यांतून म्हातारी माणसं निवांत चालताना आणि पोरं चौकात चेंडू खेळताना दिसतात, आणि नियमाचं मोल कळतं. महाद्वार रोड आणि अंबाबाई मंदिराचा परिसर असा मोकळा झाला तर काय बहार येईल! इटलीत स्थानिकांना आणि ठरावीक वेळी मालाच्या गाड्यांना आत सोडतातच. त्यामुळे व्यापार बुडेल ही भीती निराधार आहे, असं माझं मत झालं आहे.

मिलान-फ्लॉरेन्स वाटेत एमिलिया हा प्रदेश लागतो. दूध आणि सहकार या दोन गोष्टींवर तो उभा आहे. पार्मा, रेज्जो एमिलिया, मोदेना या जिल्ह्यांत पार्मिजानो चीज बनतं, आणि पुष्कळशा चीजशाळा शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांच्या आहेत. आपल्यासारखंच इथेही दूध दोन वेळचं. संध्याकाळचं दूध रात्रभर ठेवून वरची साय काढतात, सकाळचं निर्भेळ दूध त्यात मिसळतात आणि तांब्याच्या मोठ्या कढयांत तापवतात. साधारण साडेपाचशे लिटर दुधाचं चाळीसेक किलोचं एक चाक होतं. ते किमान बारा महिने मुरवत ठेवायचं. शेवटी पारखणारा माणूस येतो, छोट्या हातोडीने चाकावर सगळीकडून टकटक करतो आणि कान देऊन ऐकतो. आत पोकळी असेल तर आवाज बदलतो. आम्ही एका चीजशाळेत हे बघितलं. त्याचं ऐकणं चालू असेपर्यंत बाकी सगळे गप्प होते.

आपल्या गोकुळ दूध संघाला दूध घालणाऱ्यांनी लक्षात ठेवावी अशी एक गोष्ट. पार्मिजानोसाठी दूध देणाऱ्या गाईंना मुरघास घालायला बंदी आहे. सुका चारा, तोही मुख्यतः त्याच भागातला. मुरघासाने दूध वाढेल, पण चीज बिघडेल, हे शेतकऱ्यांनी स्वतःच मान्य केलेलं आहे, आणि त्या शिस्तीचा भाव त्यांना जगभरात मिळतो. या गोठ्यांत राबणारे हात आता बरेचसे पंजाबी आहेत. रेज्जो एमिलियाजवळच्या नोव्हेलारा गावात त्यांचा मोठा गुरुद्वारा आहे.

तोस्काना प्रांतातल्या ज्या टेकड्या कॅलेंडरवर दिसतात, त्या ओर्चा नदीच्या खोऱ्यातल्या. सिएनाहून दक्षिणेला, जुन्या रोमन कास्सिया मार्गाने आम्ही तिकडे गेलो. गव्हाची शेतं, द्राक्षमळे, ऑलिव्हची झाडं, आणि टेकडीवरच्या एकट्या घराकडे जाणारी सायप्रसची रांग. युनेस्कोने 2004 साली या खोऱ्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला, तो निसर्ग म्हणून नव्हे, माणसाने घडवलेला प्रदेश म्हणून. सिएनाच्या जुन्या नगरभवनात लोरेन्झेत्ती या चित्रकाराने 1338-39 साली काढलेलं भित्तिचित्र आहे. चांगला कारभार असला की शेतशिवार कसं दिसतं, हे त्यात रंगवलं आहे.

पण या देखाव्याला कष्टाची दुसरी बाजू आहे. ती एकटी घरं कुळांची. इथली शेती शतकानुशतकं अर्धेलीने चालली: जमीन मालकाची, राबणं कुळाचं, पीक निम्मं-निम्मं. दुसऱ्या महायुद्धानंतर पोरं कारखान्यांकडे गेली, 1964 च्या कायद्याने अर्धेलीचे नवे करार बंद झाले आणि घरं ओस पडली. आपल्याकडे कूळकायद्याने कसणाऱ्याला जमीन दिली. इथे कसणाराच उठून गेला. मग 1985 साली कृषी-पर्यटनाचा कायदा आला. पाहुणे ठेवणारा शेतकरीच असला पाहिजे आणि शेती हाच त्याचा मुख्य व्यवसाय राहिला पाहिजे, ही अट. आम्ही उतरलो ते घर अशाच कुटुंबाचं. तेल त्यांचं, भाजी परसातली. मालकीणबाईंनी पावाच्या भाजलेल्या तुकड्यावर लसूण घासून वर नवं हिरवट तेल ओतलं. ते घशाला चांगलंच झोंबलं, आणि तेच ताज्या तेलाचं लक्षण, असं त्या म्हणाल्या. पन्हाळा, राधानगरी, आंबा घाटाकडे शेताच्या नावावर हॉटेलं उभी राहत आहेत. ही अट आपल्याकडेही काटेकोर हवी.

आता फ्लॉरेन्स. कोल्हापूरकराला इथे काहीतरी आपलं सापडतं. कोल्हापूरचे राजाराम महाराज 1870 साली युरोपच्या दौऱ्यावर निघाले. वय अवघं वीस. इंग्लंडमध्ये व्हिक्टोरिया राणीची भेट झाली. जे पाहिलं ते महाराज रोजनिशीत इंग्रजीत लिहीत गेले. परतीच्या वाटेवर प्रकृती ढासळली आणि 30 नोव्हेंबर 1870 रोजी इथेच त्यांचा अंत झाला. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होतं. दहनाची प्रथा या देशात नव्हती. मिलानमध्ये पहिलं आधुनिक दहन झालं ते 1876 साली. तरीही खास परवानगी मिळाली आणि आर्नो व मुन्योने या नद्यांच्या संगमावर, कासिने बागेच्या टोकाला, रात्री चिता पेटली. पंचगंगेच्या घाटावर ज्यांची समाधी व्हायची, त्यांना परक्या मुलखात निदान संगम तरी लाभला.

त्या जागी 1874 साली छत्री उभी राहिली. आराखडा मेजर मँट यांचा, ज्यांनी पुढे कोल्हापूरच्या न्यू पॅलेसचाही आराखडा केला. छत्रीखालचा पगडीधारी रंगीत अर्धपुतळा फुलर या इंग्रज शिल्पकाराचा. शेजारी आर्नोवर 1978 साली झालेल्या मोठ्या पुलाचं नावही महाराजांवरूनच पडलं आहे. फ्लॉरेन्सची माणसं रोज त्या ‘इंडियानो’ पुलावरून कामाला जातात. आम्ही गेलो तेव्हा छत्रीपाशी सायकलवाले थांबून पाणी पीत होते. एकाने आम्हाला विचारलं, हे तुमच्या देशाचे का? आम्ही सांगितलं, आमच्या गावाचे.

फ्लॉरेन्सला येणाऱ्या प्रत्येक कोल्हापूरकराला माझी एक विनंती आहे. महाराजांची रोजनिशी 1872 साली लंडनला छापली गेली. येण्याआधी ती वाचा. इथे आल्यावर मायकेल अँजेलोचा डेव्हिड अवश्य पाहा, पण एक सकाळ कासिनेसाठी राखून ठेवा. बाग सार्वजनिक आहे, तिकीट लागत नाही. छत्री पश्चिमेच्या अगदी शेवटच्या टोकाला आहे, म्हणून बागेच्या दारातूनच माघारी फिरू नका.