पावसाची सुटी कशी ठरते?



जुलै-ऑगस्टमधल्या एखाद्या रात्री बातमी येते, "उद्या जिल्ह्यातील सर्व शाळांना सुटी." सकाळी उठून पाहावे तर लख्ख ऊन! मग घरातली मोठी माणसे हसतात, "वेधशाळेने फसवले!" कधी याच्या उलट होते. शाळा भरते आणि नेमके त्याच दिवशी गुडघाभर पाण्यातून घरी यावे लागते. मग सगळे विचारतात, "आज सुटी का नाही दिली?" ही सुटी कशावरून ठरते आणि तिचा अंदाज चुकतो तो का, हे आज आपण पाहू या.

मिलिमीटरची भाषा

प्रथम पाऊस मोजण्याची भाषा समजून घेऊ. एक चौरस मीटर जागेवर १ मि.मी. पाऊस पडला म्हणजे बरोबर १ लिटर पाणी पडले. तुमच्या शाळेचे मैदान ५० मीटर लांब व ४० मीटर रुंद आहे असे समजा. त्याचे क्षेत्रफळ झाले २,००० चौ. मीटर. १०० मि.मी. पावसात त्या एका मैदानावर २ लाख लिटर पाणी पडेल. दहा हजार लिटरचे वीस टँकर!

भारतीय हवामान विभाग २४ तासांतील ६४.५ ते ११५.५ मि.मी. पावसाला 'मुसळधार' म्हणतो. ११५.६ ते २०४.४ मि.मी. असेल तर 'अति मुसळधार' आणि त्याहून अधिक म्हणजे 'अत्यंत मुसळधार'. प्रत्येक जिल्ह्यासाठी हा विभाग चार रंगांत इशारा देतो. हिरवा म्हणजे धोका नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा आणि लाल म्हणजे आता कृती करा. हा रंग किती पाऊस पडेल एवढ्यावरच ठरत नाही. तो पडण्याची शक्यता किती आणि त्याने नुकसान किती होईल, हेही त्यात धरलेले असते.

तोच पाऊस, वेगळा परिणाम

१०० मि.मी. पाऊस दिवसभर संथपणे पडला तर शाळेचे फारसे अडत नाही. तोच दोन तासांत कोसळला तर? मुंबईची जुनी गटारे ताशी २५ मि.मी. पावसाचे पाणी वाहून नेतील अशा बेताने बांधलेली होती, आणि तेही समुद्राला ओहोटी असताना. पुढे ताशी ५० मि.मी.चा हिशेब धरून ती सुधारण्याची योजना आखली गेली. भरतीच्या वेळी समुद्राचे पाणी गटारांच्या मुखांपेक्षा उंच चढते. मग शहरातले पाणी जाणार कोठे? म्हणून मुंबईत पावसाच्या अंदाजाबरोबर भरतीचे वेळापत्रकही पाहावे लागते.

डोंगराळ भागात प्रश्न निराळा असतो. तेथे दरड कोसळण्याची भीती असते. शाळा ओढ्याच्या एका काठाला आणि वाडी दुसऱ्या काठाला असेल, तर सकाळी घोट्याएवढे असलेले पाणी दुपारी मुलांची वाट अडवते. म्हणून सुटी ठरवणाऱ्याला "पाऊस पडेल का?" एवढेच विचारून भागत नाही. "मूल शाळेत येऊ शकेल का आणि सुखरूप घरी परतू शकेल का?" हा खरा प्रश्न असतो. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार जिल्हाधिकारी जिल्ह्याच्या आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात. जिल्ह्यात सुटीचा आदेश साधारणपणे त्यांच्याकडून निघतो, तर मुंबईत ती महानगरपालिका जाहीर करते.

सर्वांत अवघड वेळ

सुटी आदल्या रात्री दिली तर मुले घरीच राहतात. पण शाळा भरल्यावर पाऊस वाढला तर काय करायचे?

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत असेच घडले. पावसाने जोर धरला तो दुपारी. त्याच सुमारास समुद्राला मोठी भरती होती. सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मि.मी. पाऊस नोंदला गेला. रस्ते बुडाले, लोकलगाड्या थांबल्या आणि अनेक मुलांना रात्र शाळेतच काढावी लागली. त्याच २४ तासांत, तेथून वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या कुलाब्याला मात्र जेमतेम ७४ मि.मी. पाऊस झाला होता! असा ढग नेमका कोणत्या उपनगरावर रिता होणार, हे आदल्या दिवशी सांगणे किती कठीण आहे, ते यावरून ध्यानात येईल.

रस्त्यावर पाणी चढल्यावर मुलांना घाईने बाहेर सोडणे धोक्याचे असते. उघडी गटारे दिसत नाहीत, विजेच्या तारा पाण्यात पडलेल्या असू शकतात. अशा वेळी शाळेचा वरचा मजलाच अधिक सुरक्षित. म्हणून निर्णय पाणी चढण्याआधी घ्यावा लागतो. येथे रडार उपयोगी पडते. ते रेडिओ लहरी सोडते. पावसाच्या थेंबांवरून त्या परततात आणि ढग किती दूर आहे, कोणत्या वेगाने सरकतो आहे, हे कळते. त्यावरून पुढच्या तीन तासांचा अंदाज देता येतो. ८ जुलै २०२४ रोजी मध्यरात्री १ ते सकाळी ७ या वेळात मुंबईत काही ठिकाणी ३०० मि.मी.हून अधिक पाऊस झाला. तेव्हा आधी सकाळच्या सत्राला सुटी दिली गेली आणि दुपारच्या सत्राचे परिस्थिती पाहून ठरवायचे, असे जाहीर झाले.

दोन प्रकारच्या चुका

आता लख्ख उन्हाच्या सुटीकडे वळू. अंदाज दोन तऱ्हांनी चुकतो. इशारा दिला आणि पाऊस आला नाही, ही पहिली चूक. इशारा दिला नाही आणि पाऊस कोसळला, ही दुसरी. थोड्याशा शंकेनेही सुटी दिली तर दुसरी चूक कमी होते, पण पहिली वाढते. अगदी खात्री पटेपर्यंत थांबले तर नेमके उलटे होते. अंदाज अधिक अचूक झाले तरच दोन्ही चुका एकदम कमी होतील.

"मग रोजच सुटी द्या की!" असे तुम्ही म्हणाल. पण सुटीचीही किंमत असते. कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीचे वर्ग वर्षातून किमान २०० दिवस आणि सहावी ते आठवीचे २२० दिवस भरले पाहिजेत. कित्येक मुलांना दुपारचे पोटभर जेवण शाळेतच मिळते. आईवडील कामावर गेले तर लहान मुले घरी एकटी राहतात. शिवाय इशारे वारंवार फुकट गेले, तर लोक खऱ्या इशाऱ्याकडेही दुर्लक्ष करू लागतात.

तरीही दोन्ही चुकांचे वजन सारखे नाही. बुडालेला दिवस शनिवारी जादा तास घेऊन भरून काढता येतो. ओढ्यात वाहून गेलेले मूल परत आणता येत नाही. म्हणूनच दहांपैकी चार सुट्या उन्हात गेल्या, तरी तेवढ्यावरून निर्णय चुकीचा ठरत नाही.

तुम्हीच करून पाहा

सरळ उभ्या बाजूंचे, सपाट बुडाचे एक भांडे मोकळ्या जागेत, भिंती व झाडांपासून दूर ठेवा. रोज सकाळी साडेआठ वाजता पट्टीने पाण्याची उंची मिलिमीटरमध्ये मोजा, लिहा आणि भांडे रिकामे करा. वेधशाळाही याच वेळी मागच्या २४ तासांच्या पावसाची नोंद घेते. वहीत आदल्या दिवशीच्या इशाऱ्याचा रंगही लिहा. मग चार घरांचा तक्ता आखा: इशारा होता–पाऊस आला, इशारा होता–पाऊस नाही, इशारा नव्हता–पाऊस आला, इशारा नव्हता–पाऊस नाही. इशारा म्हणजे नारिंगी किंवा लाल रंग आणि पाऊस म्हणजे ६४.५ मि.मी. वा अधिक, असे धरा. तुमचे भांडे एका अंगणातले आणि इशारा साऱ्या जिल्ह्याचा, हे मात्र विसरू नका.

पावसाळा संपल्यावर चारही घरांतल्या खुणा मोजा. वेधशाळेने खरेच किती वेळा फसवले, ते तुमची वहीच सांगेल.