महापौरांचा शब्द आणि शहराचे दप्तर

महापौर सभेत उभे राहून काही सांगतात, तेव्हा ते केवळ एका व्यक्तीचे बोलणे नसते. त्या बोलण्यावर विसंबून नगरसेवक हात वर करतात, खजिन्यातून पैसा बाहेर पडतो आणि सामान्य नागरिक आपले मत बनवतो. असे बोलणे दिशाभूल करणारे ठरले तर त्याचा जाब कोणी व कसा विचारावा, हा प्रश्न आम्ही येथे विचारासाठी घेतला आहे. नुसत्या तत्त्वचर्चेने तो उलगडणार नाही. म्हणून अमेरिकेतील डेट्रॉइट शहरात घडलेले एक प्रकरण पाहू.

प्रथम एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. चुकीचे विधान, न पाळलेले आश्वासन आणि दिशाभूल ह्या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. आकडा चुकला तर तो दुरुस्त करता येतो. दिलेले आश्वासन पैशाअभावी अपुरे राहू शकते; त्याचा हिशेब मतदार मागतील. पण सत्य ठाऊक असताना ऐकणाऱ्याच्या मनात दुसरेच चित्र उभे करणे, ही दिशाभूल होय. ती प्रत्येक वेळी धडधडीत खोटे बोलूनच होते असे नाही. सांगितलेला प्रत्येक शब्द खरा असूनही जे महत्त्वाचे ते गाळले, तरी दिशाभूल होते. डेट्रॉइटमध्ये हे दोन्ही प्रकार घडले.

डेट्रॉइट हे मिशिगन राज्यातील मोटार कारखान्यांचे शहर. १९५० साली तेथे साडेअठरा लाख वस्ती होती. २०१० च्या जनगणनेत ती सव्वासात लाखांच्याही खाली आली. कारखाने गेले, घरे ओस पडली, कराचे उत्पन्न आटले. अशा शहरात एकेक डॉलर जपून खर्च व्हावयास हवा. तेथील महापौर थेट लोकांच्या मतांनी निवडून येतो आणि संपूर्ण प्रशासन त्याच्या हाती असते. क्वामे किलपॅट्रिक हे २००१ साली त्या पदावर निवडून आले, त्या वेळी ते अवघे एकतीस वर्षांचे होते. शहराला त्यांच्याकडून मोठी आशा होती.

२००३ मध्ये पोलीस खात्यातील अंतर्गत चौकशीचे काम पाहणाऱ्या उपप्रमुखांना पदावरून दूर करण्यात आले. महापौरांच्या संरक्षक पथकातील गैरप्रकारांच्या तक्रारी त्यांच्या विभागाकडे आल्या होत्या. ते व तक्रार करणारा एक पोलीस अधिकारी, असे दोघे न्यायालयात गेले. गैरप्रकार उघड करणाऱ्याला शिक्षा करू नये, असा कायदा त्या राज्यात आहे. त्याचाच आधार त्यांनी घेतला. २००७ च्या उन्हाळ्यात खटला उभा राहिला. महापौर आणि त्यांच्या कार्यालयाच्या प्रमुख अधिकारी या दोघांनीही शपथेवर साक्ष दिली, की आपले परस्परांशी खाजगी प्रेमसंबंध नाहीत आणि उपप्रमुखांना बडतर्फ करण्यात आलेले नाही. ज्यूरीने सप्टेंबरमध्ये पोलिसांच्या बाजूने कौल देऊन पासष्ट लाख डॉलर भरपाई ठरवली. महापौरांनी अपील करण्याचा निर्धार जाहीर केला.

आणि ऑक्टोबरमध्ये एकाएकी तडजोड झाली! एका तिसऱ्या पोलिसाचा दावाही तीत मिटवून शहराने एकंदर चौऱ्याऐंशी लाख डॉलर द्यावयाचे ठरले. नगरसभेने ती रक्कम मंजूर केली. कालपर्यंत अपिलाची भाषा करणारे महापौर एवढी रक्कम द्यावयास का तयार झाले, याचे खरे कारण नगरसभेला कोणी सांगितले नाही. ते असे, की फिर्यादींच्या वकिलाच्या हाती शहराने दिलेल्या पेजरवरील संदेश आले होते, आणि शपथेवरील साक्ष खोटी असल्याचे त्या संदेशांवरून उघड होत होते. ते संदेश कोणापुढे येऊ नयेत, यासाठी तडजोडीबरोबर एक वेगळा गुप्त करारही करण्यात आला होता. नगरसेवकांनी पैसा मंजूर केला खरा, पण कशासाठी, हे त्यांना ठाऊकच नव्हते. आमच्या मते या प्रकरणाचे मर्म येथे आहे. महापौरांचे खाजगी आयुष्य हा शहराचा विषय नव्हे. पण त्यावर पांघरूण घालण्यासाठी शहराचा पैसा आणि नगरसभेची संमती वापरली जाणे, हा मात्र शहराचाच विषय आहे.

हे बाहेर कसे आले? 'डेट्रॉइट फ्री प्रेस' या वृत्तपत्राने माहिती मिळवण्याच्या कायद्याखाली तडजोडीचे कागद मागितले. गुप्त करार असल्याचे पालिकेने नाकारले, तेव्हा वृत्तपत्र न्यायालयात गेले. दुसरीकडे त्याच्या बातमीदारांनी जवळजवळ चौदा हजार संदेश मिळवून तपासले, आणि जानेवारी २००८ मध्ये ते प्रकरण छापले. पुढच्याच महिन्यात, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने शहराचे म्हणणे फेटाळल्यावर, गुप्त कराराचे कागदही खुले झाले. या कामगिरीबद्दल वृत्तपत्राला २००९ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले.

आता जाब विचारण्याची साधने एकेक करून कशी वापरली गेली ते पाहा. मार्च २००८ मध्ये नगरसभेने सात विरुद्ध एक अशा मतांनी महापौरांनी राजीनामा द्यावा असा ठराव केला. तो बंधनकारक नव्हता. महापौर जागचे हलले नाहीत. त्याच महिन्यात सरकारी अभियोक्त्यांनी त्यांच्यावर खोटी साक्ष, न्यायदानात अडथळा इत्यादी आठ आरोप ठेवले. नगरसभेने पुढे राज्याच्या गव्हर्नरांकडे त्यांना पदावरून दूर करण्याची मागणी केली. मिशिगनमध्ये गव्हर्नरांना तसा अधिकार आहे. ३ सप्टेंबरला ती सुनावणी सुरू झाली आणि दुसऱ्याच दिवशी किलपॅट्रिक यांनी न्यायदानात अडथळा आणल्याचे दोन गुन्हे कबूल करून राजीनामा दिला. त्यांना १२० दिवसांची कैद झाली आणि दहा लाख डॉलर शहराला परत करण्याचा आदेश झाला. पुढे भ्रष्टाचाराच्या वेगळ्या खटल्यात २०१३ साली त्यांना २८ वर्षांची शिक्षा झाली. जानेवारी २०२१ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी ती कमी करून त्यांची सुटका केली.

या हकिकतीतून एक गोष्ट स्पष्ट होते. न्यायालयाने शिक्षा केली ती लोकांशी खोटे बोलल्याबद्दल नव्हे. न्यायदानात आणलेल्या अडथळ्याबद्दल केली, आणि त्याच्या मुळाशी शपथेवरील खोटी साक्ष होती. व्यासपीठावरून केलेले दिशाभूल करणारे विधान बहुधा कायद्याच्या कचाट्यात सापडत नाही. आणि प्रत्येक भाषण न्यायालयात खेचता येऊ नये, हेही योग्यच आहे, नाहीतर सत्ताधारी तेच शस्त्र टीकाकारांवर चालवतील. मग उरते काय? उरते ते दप्तर. पेजरवरील संदेश, कराराचे कागद, सभेचे इतिवृत्त, मंजुरीची तारीख. विधान एका बाजूला आणि दप्तर दुसऱ्या बाजूला ठेवले, की दोन्हींतील अंतर कोणालाही मोजता येते. डेट्रॉइटमध्ये संतापाने भरलेली भाषणे पुष्कळ झाली असतील. महापौरांना खाली उतरवले ते कागदांनी.

आपल्याकडील महापौरांचे स्थान वेगळे आहे. मुंबईचा १८८८ चा कायदा आणि इतर महानगरपालिकांसाठीचा १९४९ चा कायदा, या दोहोंनुसार अंमलबजावणीचे अधिकार आयुक्तांकडे असतात. महापौर सभागृहाचे अध्यक्षस्थान भूषवितात. म्हणून येथे जाब विचारताना बोलले कोण आणि सही कोणाची, हे दोन्ही पाहावे लागते. साधन मात्र आपल्याही हाती आहे. २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याखाली दहा रुपये भरून कोणीही नागरिक कागद मागू शकतो, आणि सामान्यतः तीस दिवसांत उत्तर देणे अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे.

अर्थात हे साधन वापरताना काही पथ्ये पाळली पाहिजेत. विधान नेमके काय होते, केव्हा व कोठे केले, हे शब्दशः टिपून ठेवावे. ऐकीव गोष्टीवर आरोप करू नये. खुलाशाची संधी द्यावी. चूक कबूल करून दुरुस्त करणाऱ्याला खोटारडा म्हणू नये. नाहीतर पुढच्या खेपेस कोणी चूक कबूलच करणार नाही. आणि खर्च मंजूर होण्यापूर्वी नगरसेवकांनी एक साधा प्रश्न विचारावा: या कागदाबरोबर आणखी एखादा कागद आहे काय?

ऑक्टोबर २००७ मध्ये डेट्रॉइटच्या नगरसभेत हा प्रश्न विचारला जाऊन त्याचे लेखी उत्तर मागितले गेले असते, तर चौऱ्याऐंशी लाख डॉलर वाचलेच असते असे आम्ही म्हणत नाही. न्यायालयाचा निकाल तर लागलाच होता. पण ते देताना शहराला आपण कशाची किंमत मोजत आहोत, हे कळले असते. नागरिकांचा तेवढा हक्क निश्चित आहे, आणि तो मागून घेण्याचे काम त्यांचे स्वतःचेच आहे.