एकविशीच्या आत

अमेरिकेत नोकरी करणाऱ्या भारतीयांची ग्रीन कार्डाची रांग मारुतीच्या शेपटीसारखी! म्हणून काही घरांची नजर ‘ईबी-५’कडे वळते. १९९० च्या कायद्यातली ही सोय. पैसे गुंतवा, दहा जणांना पूर्णवेळ रोजगार मिळवून द्या आणि कायमचं राहा. २०२२ मध्ये ही रक्कम किमान साडेदहा लाख डॉलर झाली. ग्रामीण किंवा बेकारीग्रस्त भागात आठ लाख.

इथला फ्लॅट विकला तरी रिझर्व्ह बँकेच्या योजनेत माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरच बाहेर पाठवता येतात. मग आई, बाबा, आजोबा, सगळ्यांची नावं कामाला येतात. घाई असते मुलासाठी. अर्ज करण्याआधीच त्यानं एकविशी गाठली, तर आईवडिलांच्या कार्डावर त्याला जागा नाही.

मात्र ही बँकेतली ठेव नव्हे. पैसा जोखमीतच हवा, ही तर अटच आहे. व्हरमाँटमधल्या ‘जे पीक’ स्की रिसॉर्टच्या प्रकल्पांवर अमेरिकी रोखे आयोगानं २०१६ मध्ये फसवणुकीचा दावा गुदरला, तेव्हा अनेक देशांतले गुंतवणूकदार त्यात अडकलेले होते. शिवाय पहिलं कार्ड दोनच वर्षांचं. पैसा गुंतलेला राहिला, रोजगार निर्माण झाले, हे कागदोपत्री दाखवलं, तरच पुढचं.