डोक्यावर घेतलेले आणि अडगळीत पडलेले

जुन्या अ‍ॅनिमेशनपटांवर वाद रंगला की दोन शिक्के लगेच बाहेर निघतात: 'उगाच गाजला' आणि 'बिचारा उपेक्षित राहिला'. ज्याला जे आवडते त्याला ते आवडो, त्याला हरकत नाही. हरकत आहे ती या शिक्क्यांच्या समर्थनार्थ पुढे केल्या जाणाऱ्या ऐकीव गोष्टींना. त्यांतल्या बऱ्याच तपासून पाहता येतात, आणि तपासल्या की फारशा टिकत नाहीत.

'पहिल्या खेपेला आपटला, म्हणजे चित्रपटातच दम नव्हता.'

तिकीटबारीचा आकडा निर्विवाद वाटतो, म्हणून हा समज सहज पटतो. पण तो आकडा चित्रपटाबरोबरच त्या काळाचाही हिशेब सांगत असतो. डिस्नेचे 'पिनोकिओ' आणि 'फँटेशिया' १९४० मध्ये आले, तेव्हा युरोपात महायुद्ध पेटले होते आणि तिथली बाजारपेठ स्टुडिओसाठी जवळजवळ बंद झाली होती. 'फँटेशिया'साठी तर खास ध्वनियंत्रणा लागत होती आणि ती मोजक्याच थिएटरांत बसवता आली. दोन्ही चित्रपट तोट्यात गेले. १९४२ चा 'बॅम्बी'ही पहिल्या खेपेला खर्च भरून काढू शकला नाही. त्याने पैसे मिळवले ते युद्ध संपल्यावर, पुन्हा प्रदर्शित झाल्यानंतर. १९५१ च्या 'अ‍ॅलिस इन वंडरलँड'ला खरा चाहतावर्ग मिळायला दीड-दोन दशके लागली, आणि तो मिळाला अमेरिकेतल्या कॉलेजवयीन तरुणांत.

अलीकडचे उदाहरण दिग्दर्शक ब्रॅड बर्डच्या 'द आयर्न जायंट'चे. १९९९ मध्ये अमेरिकेत त्याने सुमारे २ कोटी ३० लाख डॉलर कमावले, म्हणजे खर्चाच्या निम्मेही नाहीत. समीक्षकांनी मात्र त्याचे मनापासून कौतुक केले होते. आदल्याच वर्षी याच स्टुडिओचा, म्हणजे वॉर्नर ब्रदर्सचा, 'क्वेस्ट फॉर कॅमेलॉट' पडला होता, त्यामुळे या चित्रपटाच्या जाहिरातीची तयारी उशिरा आणि अर्ध्या मनाने झाली. चित्रपट आल्याचे लोकांना कळलेच नाही, तर नाकारणार कशाला? हा चित्रपट खरोखरच उपेक्षित होता, पण त्याची उपेक्षा प्रेक्षकांच्या आधी स्टुडिओने केली.

'स्नो व्हाइट हा जगातला पहिला पूर्ण लांबीचा अ‍ॅनिमेशनपट, म्हणून तो सर्वश्रेष्ठ.'

या वाक्यातला पूर्वार्ध चूक आहे आणि उत्तरार्ध त्यातून निघत नाही. 'स्नो व्हाइट अँड द सेव्हन ड्वार्फ्स'चा पहिला खेळ २१ डिसेंबर १९३७ रोजी लॉस एंजेलिसमध्ये झाला. त्याच्या वीस वर्षे आधी, १९१७ मध्ये, अर्जेंटिनात किरिनो क्रिस्तियानीने 'एल अपोस्तोल' केला होता, मात्र त्याची प्रत आज उपलब्ध नाही. १९२६ मध्ये जर्मनीत लोटे रायनिगर या दिग्दर्शिकेने कागद कापून केलेल्या छायाकृतींतून 'प्रिन्स अख्मेद'ची कथा पडद्यावर आणली. आज पाहता येणारा सर्वांत जुना पूर्ण लांबीचा अ‍ॅनिमेशनपट तोच. गैरसमज पसरण्याचे कारण साधे आहे: डिस्नेने आपला चित्रपट दर काही वर्षांनी नव्या पिढीला पुन्हा दाखवला, आणि जे सतत डोळ्यांसमोर राहते तेच पहिले वाटू लागते. 'स्नो व्हाइट'चे श्रेय वेगळेच आहे. सात बुटक्यांची सात स्वतंत्र व्यक्तिमत्त्वे नुसत्या चालीतून आणि लकबींतून उभी करणे, हे तोवर एवढ्या मोठ्या आवाक्यात कोणी केले नव्हते. खरी थोरवी असताना खोट्या विक्रमाची गरजच काय?

'रॉटन टोमॅटोजवर शंभर टक्के आहेत, म्हणजे चित्रपट निर्दोष.'

टक्केवारी दिसली की शाळेचा निकाल आठवतो, म्हणून ही गफलत होते. पण रॉटन टोमॅटोज हे समीक्षकांची परीक्षणे एकत्र करणारे संकेतस्थळ आहे, आणि हे गुण नव्हेत. किती टक्के समीक्षकांचे मत एकूणात अनुकूल होते, एवढेच ती टक्केवारी सांगते. 'बरा आहे' आणि 'अजोड आहे' ही दोन्ही मते तिथे सारखीच मोजली जातात. त्यातून जुन्या चित्रपटांच्या बाबतीत नोंदलेली बरीच परीक्षणे चित्रपट 'अभिजात' ठरल्यानंतर लिहिलेली असतात.

'हाताने काढलेले तेच अस्सल. संगणक आला आणि जीव गेला.'

हा समज मात्र हळव्या मनातून येतो, आणि त्यात तथ्याचा एक कण आहेच: हाताच्या रेषेत थरथर असते, ती डोळ्याला भावते. पण 'अस्सल' काळाची सीमारेषा ओढायची कुठे? १९६१ च्या 'वन हंड्रेड अँड वन डाल्मेशियन्स'मध्ये पेन्सिलीच्या रेषा झेरॉक्सच्या तंत्राने थेट पारदर्शक तावांवर उतरवल्या होत्या. खुद्द वॉल्ट डिस्नेला तो खरखरीत परिणाम रुचला नव्हता, आणि आज तीच रेघ त्या चित्रपटाचे वैभव मानली जाते. 'ब्यूटी अँड द बीस्ट'मधले (१९९१) नृत्यदालन संगणकावर रचलेले आहे. 'द लायन किंग'मधली (१९९४) विल्डबीस्टच्या कळपाची धावपळही तशीच. संगणकाला नावे ठेवणाऱ्यांच्या आवडत्या यादीत हे दोन चित्रपट हमखास असतात.

'शेवटी ही ज्याची त्याची आवड. त्यात बरोबर-चूक काही नसते.'

हे वाक्य समजूतदारपणाचे वाटते आणि वाद मिटवायला उपयोगी पडते, म्हणून लोकप्रिय आहे. पण आवड आणि मूल्यमापन या वेगळ्या गोष्टी आहेत. १९५९ चा 'स्लीपिंग ब्यूटी' घ्या. चित्रकार आयव्हिंड अर्लच्या शैलीतली त्याची पार्श्वचित्रे अप्रतिम आहेत, कुठलीही चौकट थांबवून भिंतीवर टांगावी अशी. कथेत मात्र नायिकेच्या वाट्याला फारसे काही येत नाही, आणि सारी धावपळ तीन म्हाताऱ्या पऱ्यांनाच करावी लागते. चित्रकलेच्या कसोटीवर तो अजून पुरेसा नावाजला गेलेला नाही, कथेच्या कसोटीवर तो जास्त नावाजला गेला आहे. दोन्ही विधानांना चित्रपटातच पुरावा सापडतो. कसोटी सांगितली की वाद पुढे सरकतो.

'भारतीय प्रेक्षकाला अ‍ॅनिमेशनची कदरच नाही.'

याचा पुरावा म्हणून बहुधा 'रामायण: द लिजेंड ऑफ प्रिन्स रामा' पुढे केला जातो. जपानचे युगो साको आणि भारतातले अ‍ॅनिमेटर राम मोहन यांच्या पुढाकारातून घडलेला हा भारत-जपान प्रकल्प १९९२ मध्ये पूर्ण झाला आणि भारतात थिएटरांत तो फारसा दिसलाच नाही. जो चित्रपट गावात लागलाच नाही, त्याला प्रेक्षकाने कशी दाद द्यायची? दूरचित्रवाणीवर तो दिसू लागल्यावर एका अख्ख्या पिढीने तो पुन्हा पुन्हा पाहिला. १९७४ मध्ये फिल्म्स डिव्हिजनने काढलेला विजया मुळे यांचा 'एक अनेक और एकता' हा अ‍ॅनिमेशन लघुपट दूरदर्शनवर पाहिलेले लोक तो आजही विसरलेले नाहीत. जानेवारी २०२५ मध्ये हे 'रामायण' हिंदी, तमिळ आणि तेलुगूत मोठ्या पडद्यावर पुन्हा लागले. 'उपेक्षित' हा शब्द वापरायचाच असेल तर तो आधी या चित्रपटासाठी वापरावा, आणि पुन्हा कुठे लागला तर थिएटरात जाऊन पाहावा.