भुलीतील गारठा

ज्या खानदेशात वैशाखात जळगावचा पारा ४५ अंशांना शिवतो, तेथे शस्त्रक्रियेच्या मेजावरील मांजर गारठते हे विधान कोणास अतिशयोक्त वाटेल. परंतु भूल चढताच मेंदूतील तापनियामक केंद्र मंदावते, त्वचेतील रक्तवाहिन्या शिथिल होऊन गाभ्यातील उष्णता बाहेर पसरते, आणि वजनाच्या मानाने त्वचेचे क्षेत्रफळ मोठे असल्यामुळे ससा, मांजर वा कुत्र्याचे पिल्लू ती पहिल्या तासातच झपाट्याने गमावते. त्यात केस काढलेल्या कातडीवरचे स्पिरिट, पोलादी मेज, थंड सलाइन आणि आमच्या इकडचा तो अपरिहार्य कूलर यांची भर! कुत्र्यामांजरांचे स्वाभाविक तापमान सुमारे ३८ ते ३९ अंश सेल्सिअस. ते फार उतरले की शुद्ध येण्यास विलंब लागतो व रक्त गोठण्याची क्रिया मंदावते.

अंगाखाली गोधडी, पंजांभोवती कापूस, कोमट सलाइन आणि गुदद्वारी तापमापक, एवढी तजवीज धुळ्याच्या लहानशा दवाखान्यातही होऊ शकते. कापसाच्या मुलखात ती अवघड नसावी. गरम पाण्याची पिशवी मात्र फडक्यात गुंडाळल्यावाचून कदापि लावू नये, कारण बेशुद्ध प्राण्यास अंग चोरता येत नाही, आणि भाजल्याची खूण कित्येकदा काही दिवसांनी उमटते. निवालेली पिशवी उलट देहाचीच उष्णता शोषून घेते, म्हणून ती वेळीच काढावी.