औषधाची मात्रा आणि शिक्षकाची वही

एखाद्या बालकास मनाच्या किंवा वर्तनाच्या विकारासाठी औषध सुरू झाले, की मात्रा ठरविणे हे डॉक्टरांचे व गोळी देणे हे आईबापांचे काम, शाळेचा त्यात संबंध नाही, असा सर्वसाधारण समज आहे. तो अपुरा आहे. भामरागड वा एटापल्लीकडील पालक मुलास घेऊन गडचिरोलीच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात किंवा नागपूरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात जातो, तेव्हा सारा दिवस प्रवासात जातो आणि डॉक्टरांना ते मूल फार तर अर्धा तास दिसते. शिक्षकास ते रोज पाच तास दिसते.

या औषधांची मात्रा पहिल्याच भेटीत निश्चित होत नाही. एकाच वयाच्या व वजनाच्या दोन मुलांना एकाच औषधाची निरनिराळी मात्रा लागू शकते. म्हणून डॉक्टर अल्प मात्रेने आरंभ करतात, परिणाम पाहतात आणि मग ती वाढवितात, घटवितात किंवा औषधच बदलतात. मात्रा बदलली म्हणजे रोग बळावला किंवा डॉक्टर चुकले, असे पालकांस वाटते. तो गैरसमज शिक्षकाने दूर करावा.

एक उदाहरण घेऊ. अतिचंचल मुलास सकाळी मिथाइलफेनिडेटची साधी गोळी दिली जाते. तिचा गुण तासाभरात दिसू लागतो व सुमारे चार तासांत ओसरतो. ‘मूल अजून त्रास देते’ एवढेच डॉक्टरांच्या कानी गेले, तर मात्रा वाढविली जाण्याचा संभव असतो. परंतु ‘मधल्या सुटीपूर्वी गणिते नीट सोडवितो, सुटीनंतर जागेवर बसत नाही’ अशी नोंद असेल, तर प्रश्न मात्रेचा नसून वेळेचा असू शकतो, हे डॉक्टरांच्या ध्यानात येते. याच गोळीने भूक मंदावते; पोषण आहाराच्या ताटात खिचडी उरते, हे प्रथम शिक्षकच पाहतो. उलट रिस्पेरिडोनने भूक व वजन वाढते, मूल वर्गात पेंगते. उन्हाळ्यात सकाळची शाळा सुरू झाली, की गोळीची वेळ डॉक्टरांस विचारून घेण्याची आठवण पालकांस द्यावी.

शाळेतील निरीक्षणाचे महत्त्व जुनेच आहे. १९३७ साली अमेरिकेतील चार्ल्स ब्रॅडली यांनी वर्तनविकार असलेल्या तीस मुलांना बेंझेड्रिन हे औषध देऊन पाहिले. सुमारे निम्म्या मुलांत जो ठळक फरक आढळला, तो अभ्यासात होता.

उदासीनतेवरील फ्लुओक्सेटिनचा गुण मात्र दिसण्यास चार ते सहा आठवडे लागतात. आरंभीच्या आठवड्यांत किंवा मात्रा बदलल्यावर मूल अस्वस्थ झाले, मरणाची भाषा बोलू लागले, तर त्यास एकटे सोडू नये. त्याच दिवशी पालकांस व डॉक्टरांस कळवावे.

आपल्या जिल्ह्यातील खरी अडचण पावसाळ्याची. पर्लकोटेला पूर आला, की भामरागडचा मार्ग तुटतो आणि गोळ्या संपतात. फेनोबार्बिटोनसारखे औषध एकाएकी थांबल्यास झटके येण्याचा धोका असतो. इतरही अनेक औषधे हळूहळूच कमी करावी लागतात. यास्तव आषाढापूर्वीच जादा दिवसांच्या गोळ्या मिळतील काय, हे पालकांनी डॉक्टरांस विचारावे. चुकलेल्या गोळीची भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी दुप्पट गोळ्या देऊ नयेत. पालकाने मुलास पुजाऱ्याकडे नेले असल्यास त्यास रागे भरण्यात अर्थ नाही. गोळी चालू आहे ना, एवढे मात्र आवर्जून विचारावे.

नोंदीसाठी साधी वही पुरे. दिनांक, वेळ, काय पाहिले, ताट संपले की नाही आणि महिन्याचे वजन लिहावे. ‘वेड्यासारखा वागतो’ असे न लिहिता ‘दोनदा वर्गाबाहेर पळाला’ असे लिहावे. मात्रा वाढविण्याची वा घटविण्याची सूचना शिक्षकाने स्वतः करू नये. वही कुलपात ठेवावी व भेटीच्या आदल्या दिवशी पालकाच्या हाती द्यावी. वर्गात त्या गोळीचा उच्चार नको. मधल्या काळात शंका आल्यास टेलिमानसच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर दिवसरात्र मराठीतून विचारता येते.